काच कोणाला दाखवायची

१६ नोव्हेंबर ६४, सोमवार. मलकापूर.

आज दिवसभर एकाच नवरदेवाच्या गालावर. देवीचे व्रण. नाना म्हणाले, सगळे भर. निगेटिव्हची काच टेबलावर लावली, खालच्या आरशातून खिडकीचा उजेड वर घेतला, पेन्सिल सुईसारखी टोकदार केली आणि एकेक खड्डा बुजवत गेले. संध्याकाळपर्यंत मुलगा गुळगुळीत. मुलीकडचे त्याला प्रत्यक्ष पाहतील तेव्हा काय? नानांना विचारलं. म्हणाले, "पाहतील तेव्हा पाहतील. तोवर चार लोक त्याला बरं म्हणू दे."

नानांच्या स्टुडिओत टचिंगला बसून मला दीड वर्ष होईल. मॅट्रिक झालेली पोर माळ्याच्या घरी बसून काय करणार म्हणून बाबांनी धाडलं. बायकांचे पासपोर्ट फोटो आताशा मीच काढते, पण काढताना नाना मागे उभे. मोठा कॅमेरा हातात द्यायचं म्हटलं की, पाहू.

नानांचा नियम एकच : चेहरा पुनवेच्या चंद्रासारखा, उजेड समोरून. सावली म्हणजे मळ. मागे पडदा, त्यावर राजवाडा, पायऱ्या, तळं, हंस. तालुक्यातली निम्मी लग्नं ह्या हंसासमोर जुळली.

आज त्यांचा पुतण्या मुंबईहून आला. अरविंद. कुठल्याशा साप्ताहिकाच्या फोटोग्राफरच्या हाताखाली होता. गळ्यात लहानसा कॅमेरा, मुठीत मावेल असा. पडद्याकडे पाहून म्हणाला, "काका, हा हंस अजून पोहतोच आहे का?" मला हसू आलं, मी ते दाबलं. नानांनी पाहिलं तर नसेल?


१९ नोव्हें., गुरु.

अ.चे फोटो दोरीवर वाळत होते. पाहिले आणि हातातलं काम राहिलं. कापसाच्या गंजीवर झोपलेला हमाल, तोंडावर टोपी. स्टेशनच्या नळावर भांडणाऱ्या दोघी, घागर मधोमध हवेत. कोणीच कॅमेऱ्याकडे पाहत नाही. निम्मा चेहरा अंधारात आणि तरी माणूस ओळखू येतो! असं करता येतं हे मला कोणी सांगितलंच नव्हतं.

नाना म्हणाले, हे फोटो नाहीत, चोऱ्या आहेत. गिऱ्हाईक अशाचे पैसे देईल का.

अ. : "काका, तुमच्या फोटोतला माणूस सिंधूबाईंनी काढलेला असतो. पेन्सिलने."

दोघांनीही माझ्याकडे पाहिलं. मी पेन्सिलीला टोक करत बसले. आधीच टोक होतं.


२२ नोव्हें., रवि.

आज वाईट झालं. की चांगलं. ठरत नाही.

अ.ने बाजाराचे फोटो धुतले, त्यात आमची माय. त्याला ठाऊकही नव्हतं. माय वांगी तोलते आहे, तराजू वर, डोळे काट्यावर, पदर खांद्यावरून घसरलेला, टाचांच्या भेगा पुढे. मायचा आजवर एकही फोटो नाही. आमच्याकडे भिंतीवर फोटो चढतो तो माणूस गेल्यावर. मी म्हटलं, ही माझी माय. तो इतका खूश झाला की मोठा छापून मला दिला.

घरी नेला. मायनं ओल्या हाताने धरला, मग हात पुसून परत धरला.

"हे कवा काढलं?"

बाजारात म्हटलं. नानांच्या पुतण्यानं.

"मले इचारलं काऊन नाई? इचारलं असतं तं पदर घेतला असता."

विचारलं असतं तर माय सरळ बसली असती, तराजू खाली ठेवला असता, आणि हा फोटो झालाच नसता. पण तिचं म्हणणं खोटं कुठे आहे? मायनं फोटो डब्याखाली पालथा ठेवला. फाडला नाही.


२७ नोव्हें., शुक्र.

आज आनंदाचं लिहायचं आहे.

रोहिणखेडच्या पुढच्या गावच्या देशमुखांचे कारभारी स्टुडिओत आले होते. मालकांची साठी झाली, घरातल्या बायकांचा एकत्र फोटो हवा. पण त्यांच्याकडे गोषा. सुना बाहेर निघत नाहीत, बाहेरचा पुरुष आत जात नाही. बुलढाण्याचा फोटोग्राफर नाही म्हणाला. नाना म्हणाले, "आमच्याकडे मुलगी आहे."

मी!

कारभाऱ्यांची अट : काढणारी बाई, धुणारी बाई, छापणारी बाई. काच बाहेरच्या कोण्या पुरुषाच्या नजरेस पडायची नाही. नाना लगेच म्हणाले, सगळं हीच करील, माझा शब्द.

ते गेल्यावर मला म्हणाले, "हे नीट उतरलं तर मोठा कॅमेरा तुझा. टचिंगला दुसरं कोणी पाहू." असं त्यांच्या तोंडून!

बाबांना सांगितलं. म्हणाले, देशमुखाच्या घरात माळ्याची पोर मागच्या दारानं जाईन का पुढच्या? माय म्हणाली, कॅमेरा ज्या दारानं जाईन त्या दारानं.


२ डिसें., बुध.

नाना रोज शिकवतात. पडदा घेऊन जा, वाड्याच्या चौकात बांध. मोठ्या बाई मधोमध खुर्चीवर, सुना मागे, उंचीनं. हात मांडीवर. हलू नका म्हण, श्वास धरा म्हण.

नाना जेवायला गेले की अ. दुसरंच शिकवतो. पडदा नेऊ नका. त्या जिथे बसतात तिथेच बसू द्या. बोलत राहा. त्या विसरतील, तेव्हा दाबा.

दोन्ही पाठ केलं. रात्री दोन्ही एकमेकांत मिसळतं. कोऱ्या काचेच्या प्लेटा थोड्याच आहेत, परदेशातून येणं बंद झाल्यापासून नाना एकेक जपून वापरतात. बिघडली तर? श्वास धरा म्हणायला मीच विसरले तर?


६ डिसें., रवि.

आज जाऊन आले. सगळं लिहिते, नाहीतर झोप नाही.

एसटीनं रोहिणखेडपर्यंत. तिथे जुन्या मशिदीपाशी त्यांची बैलांची दमणी उभी होती, चहूबाजूंनी कापड लावलेली. मला कशाला पडदा, पण गाडीवानाला सवय. कॅमेऱ्याची पेटी मांडीवर. पुढच्या दारानं गेले. (बाबांना सांगितलं.)

मोठ्या बाई म्हणजे मालकांच्या पत्नी. काळ्या, किडकिडीत, पुढचे दात नाहीत, आवाज खणखणीत. तीन सुना. धाकटी वत्सला माझ्याच वयाची असेल, तीही मॅट्रिक म्हणे, मुलींत पहिली आलेली. कॅमेऱ्याला हात लावू का विचारलं तिनं.

पडदा बांधला. बसवलं. चौघींनी चेहरे उघडे ठेवले होते, पुरुष सगळे बाहेरच्या बैठकीत. मी काळं फडकं डोक्यावर घेतलं आणि मागच्या काचेवर पाहिलं. उलट्या, खाली डोकं वर पाय, पण चौघी स्पष्ट. भिंग पुढेमागे करते आहे, तोच काचेवरचे चेहरे नाहीसे! चौघींनी सपकन पदर ओढले आणि पाठी फिरवल्या.

मी फडक्याबाहेर आले. चौकात कोणी नव्हतं. विचारलं, काय झालं?

मोठ्या बाई पदराआडून, हळूच : "कोन आलं?"

कोणीच नाही म्हटलं.

"मंग तू डोकं काऊन झाकलं वं? आमाले वाटलं मालक आले."

त्या घरात एका बाईनं डोकं झाकलं की बाकीच्यांनी मागे वळून पाहायचं नसतं. झाकायचं. एकमेकींचं पाहून अंगवळणी पडलेलं. त्यांना वाटलं मला पुरुष आलेला दिसला. कॅमेरावाली बाई फडक्याखाली शिरते हे त्यांना मी सांगायला हवं होतं. माझीच चूक. किती माफी मागितली. मोठ्या बाईंनी हात हलवून सोडून दिलं.

परत बसवलं. पहिली प्लेट नानांसारखी. श्वास धरा म्हटलं. दगडाच्या मूर्ती. शटरचा रबरी फुगा दाबला. झालं.

दुसरी लावली. ऊन चढलं होतं म्हणून फडकं कॅमेऱ्यावरच टाकलं. आता तिपाई, वर काळं फडकं. मोठ्या बाई त्याच्याकडे पाहत राहिल्या. मालक काठी टेकत चालतात हे मला नंतर कळलं. त्या सुनांना म्हणाल्या, अगदी गंभीर :

"झाका वं. आले तीन पायाचे मामंजी."

आधी काहीच नाही. मग थोरलीच्या नाकातून आवाज आला आणि मग सगळं घर. थोरली धाकटीच्या अंगावर पडली, मधलीनं पदर तोंडात कोंबला, वत्सला तर हसताना रडत होती. आणि फुगा माझ्या हातात होता.

दाबला. विचारलं नाही. श्वास धरा म्हटलं नाही.

चहा आला, माझा कप वेगळा, बिनकानाचा. पिताना तोही गोड लागला. निघताना मोठ्या बाईंनी परत बजावलं, काच कोण्या माणसाले दाखवू नको. मी त्यांच्या देवघराकडे हात करून शब्द दिला.


७ डिसें., सोम.

सकाळी अंधारखोलीत एकटी. कडी आतून. पाच वेळा पाहिली.

लाल दिव्याखाली पहिली काच वर आली. सगळं जागच्या जागी. नानांनाच शोभेल.

मग दुसरी. आधी काळे डाग फक्त, काही कळेना. वाटलं गेली. मग हळूहळू. सुना हललेल्या, वत्सलेचा चेहरा धुरासारखा, त्यात नथ तेवढी स्वच्छ. आणि मधोमध मोठ्या बाई. विनोद करून त्या एकट्या स्थिर बसल्या होत्या ना! त्यांची प्रत्येक सुरकुती आली आहे. बिनदाताचं तोंड उघडं. सरळ माझ्याकडे पाहताहेत.

मी अंधारात एकटीच मोठ्यानं हसले. नानांनी बाहेरून विचारलं, काय गं? काही नाही म्हटलं.

नाना म्हणतील हलली, फेकून दे. अ. म्हणेल हीच. पण ह्यात नाना नाहीत आणि अ.ही नाही. अ.ला तर चौकात शिरताच आलं नसतं. ही माझी आहे. असं लिहायला भीती वाटते. लिहिलं.


८ डिसें., मंगळ.

नाना : "दाखव काचा."

मी म्हटलं, नाना, तुम्हीच कारभाऱ्यांना शब्द दिला.

"तो बाहेरच्या माणसाबद्दल. मी काय बाहेरचा?"

मनात म्हटलं, त्या घराला बाहेरचेच. काचा काळ्या कागदात गुंडाळून उराशी धरून उभी राहिले, वेड्यासारखी. नाना रागावले नाहीत, हेच वाईट. म्हणाले, "ठीक. पण जी काच दाखवत नाही तिच्या हाती कॅमेरा कसा देऊ? बिघडवलीस की साधलीस, मला कळणार कसं?"

बरोबरच आहे त्यांचं. म्हणजे मोठा कॅमेरा गेला.


१० डिसें., गुरु.

चूक केली. अ.नं सहज विचारलं कसं झालं आणि मी मामंजींची गोष्ट सांगून बसले. सांगताना मलाच हसू आवरेना. तो हसला आणि मग एकदम म्हणाला, "त्या वेळी तुम्ही दाबलंत?"

मी हो म्हटलं.

त्यानं टेबलावर हात आपटला. जानेवारीअखेर नागपुरात फोटोंचं प्रदर्शन आहे, तो स्वतःचे पाठवणार आहे. म्हणाला, "असा फोटो अख्ख्या महाराष्ट्रात कोणाकडे नसेल, कारण आत जाऊच कोण शकतं? खाली नाव तुमचं. मी पाहणारही नाही, तुम्ही छापा, तुम्ही पाकीट बंद करा."

पण नागपुरात भिंतीवर लावल्यावर कोण पाहणार, बायकाच?

दिवसभर तेच डोक्यात. नाव कसं दिसेल, तेही दोनदा लिहून पाहिलं. मग खोडलं. नाव दिसलं असतं तर नानांनीही कॅमेरा दिला असता, हेही मनात आलं. शब्द दिला नसता तर. पण शब्द दिला नसता तर त्या चेहरे उघडून बसल्या असत्या का?


१५ डिसें., मंगळ.

दोन्ही छापले. पहिल्या काचेवर टचिंग केलं, मालकांना भिंतीवर लावायचा म्हणून. मोठ्या बाईंच्या सुरकुत्या भरल्या. दुसरीला पेन्सिल लावली नाही.

माय विचारत होती रोज. माय बाई आहे, तिला दाखवायला हरकत नाही, तरी बाबा मळ्यात जाईतो थांबले. मायनं दुसरा फोटो पाहिला आणि आधी ती हसली. मग विचारलं, "यायले इचारलं होतं?"

म्हटलं, हसण्याआधी नाही.

"आन् मंग?"

मंगही नाही.

"मंग आता इचार. फोटो काढल्यावर इचारता येत नाई असं थोडीच हाय."

इतकं सोपं. मला का सुचलं नाही. अ.ला का सुचलं नाही!


२० डिसें., रवि.

परत जाऊन आले. नागपूरचंही सांगायचं ठरवलं होतं, काही लपवायचं नाही.

आधी पहिला दिला. मोठ्या बाईंनी लांब धरला, जवळ धरला. "हे तं माही सासू दिसून राह्यली." सुरकुत्या गेल्यावर त्या त्या राहिल्याच नाहीत. मी म्हटलं, मी भरल्या. त्या म्हणाल्या, असू दे, मालकायले आवडन.

मग दुसरा.

त्यांनी तो उजेडाकडे नेला. माफी तोंडाशी आली होती.

"दात नाईत मले."

मग स्वतःशीच, "ते तं समद्यायले मालूम हाय." आणि हसायला लागल्या, फोटोतल्यासारख्याच. वत्सला धावत आली. थोरली आली. फोटो चार हातांतून फिरला.

नागपूरचं सांगितलं. कोण पाहील, कुठे लागेल, सगळं. थोरलीचा चेहरा पडला. मोठ्या बाई म्हणाल्या, "पयला मालकायले दे. हा माह्या पेटीत राहीन. काच तुह्यापाशी. संक्रांतीले हळदीकुंकवाले ये, कॅमेरा घेऊन ये. धाड गावची माही लेक येईन, आजूबाजूच्या घरच्या बाया येतीन. त्यायले दाखवतो. मंग सांगतो."

म्हणजे प्रदर्शन होणारच, फक्त तिथे! दमणीत बसून माझी मीच हसत होते. गाडीवानाला काय वाटलं असेल.


३ जाने. ६५, रवि.

नानांना संक्रांतीचं सांगितलं. कॅमेरा द्याल का विचारलं. संध्याकाळी माझ्या टेबलावर प्लेटांचा डबा ठेवलेला. ठेवताना कोणी पाहिलं नाही. नाना हंसाच्या पडद्याची दोरी ओवत होते. म्हणाले, "पडदा नेणार?"

नाही म्हटलं.

"हं."

एवढंच. हो की नाही, देव जाणे. डबा मात्र उचलून घेतला नाही.


१५ जाने., शुक्र.

काल संक्रांत. पाय दुखतात, डोकं भरलं आहे, आणि आत कुठेतरी ढोलकी वाजते आहे.

चौक बायकांनी भरलेला. मोठ्या बाईंनी पेटीतून फोटो काढला आणि तिळगुळासारखा वाटला. एकीनं पाहायचा, दुसरीकडे द्यायचा. मी कोपऱ्यात कॅमेऱ्यापाशी, नखं खात. ज्या हातात फोटो जाई तिथून हसू उठे. एका म्हातारीनं विचारलं, हे हसून काऊन राह्यल्या? मोठ्या बाईंनी तीन पायाचं सगळं परत सांगितलं, मालक बाहेर बैठकीत असताना, आवाज न चोरता. धाडची लेक मला म्हणाली, आमच्याकडे ये, सासूबाईंचा काढ. असाच, सासूबाईंना हसवायचं माझ्याकडे लागलं.

मी प्लेटांचा डबा संपेतो फोटो काढले. फडकं डोक्यावर घ्यायच्या आधी दर वेळी ओरडून सांगितलं, मी झाकते आहे, कोणी आलं नाही. तरी दोघीतिघींनी झाकलंच. तेही काढलं. विचारून.

निघताना धीर करून विचारलं, नागपूरचं काय?

मोठ्या बाईंनी माझ्या हातावर तिळगूळ ठेवला. "फोटोत मी एकटी हाय का? या तिघीयले इचार पयले. माहं शेवटी."

थोरली सरळ नाही म्हणाली. मधली थोरलीकडे पाहत राहिली. वत्सला माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "माहा चेहरा तं हाललाय, मले कोन वळखन? माहं हो हाय." मग थोडं थांबून, "पन खाली माहं नाव लिहिशीन का?"


१७ जाने., रवि.

प्रदर्शनाला पाठवायची मुदत अजून आठवडाभर. चौघींत एक हो, एक नाही, एक गप्प, आणि मोठ्या बाईंचं शेवटी. काच माझ्या पेटीत आहे, दोन कागदात, वर माझी जुनी ओढणी. धाडला येत्या आठवड्यात जायचं आहे, वाटेत देशमुखांकडे उतरीन. उत्तर काय येतं ह्याची भीती वाटते, पण वाट पाहायला मजाही येते आहे. असं मला कधी होत नाही.

अ.ला सगळं सांगितलं. विचारायला लागतं हे त्याच्या गळी उतरत नव्हतं. म्हणाला, विचारून हसतं का कोणी? मी म्हटलं, हसल्यावर विचारा. आणि विचारलं की नागपूरला तो स्वतःचे कोणते पाठवतो आहे.

हमाल, नळावरच्या दोघी, आणि वांगी तोलणारी बाई.

दुपारी तो आमच्या मळ्याच्या बांधावर येऊन उभा राहिला. कॅमेरा न आणता. बूट चिखलात. माय मेथी उपटत होती, तिनं वर पाहिलंच नाही. त्यानं घसा खाकरून बाजारातल्या फोटोचं विचारलं, नागपूरला लावू का, तुमची हरकत तर नाही, वगैरे, फारच शुद्ध भाषेत.

मायनं पदर नीट केला. मग मेथीचा ढीग त्याच्यापुढे सरकवला.

"बस. पयले ह्या जुड्या बांध. मंग सांगतो."

तो बसला आहे अजून. इथून दिसतो. तिसरी जुडी सुटली त्याची.